काचेच्या बासऱ्यांचा आजार : एका संग्रहातले प्रकरण

वॉशिंग्टनमध्ये २७ सप्टेंबर २०२२ च्या रात्री लिझो या गायिकेचा कार्यक्रम होता. लिझो ह्यूस्टन विद्यापीठात शास्त्रशुद्ध फ्लूट शिकलेली आहे. कार्यक्रमाच्या मध्यावर तिच्या हातात एक काचेची बासरी देण्यात आली. ती होती अमेरिकेचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांची, १८१३ साली पॅरिसमध्ये घडवलेली. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या माणसांनी खास पेटीत घालून, बंदोबस्तात ती मंचापर्यंत आणली होती. लिझोने ती काही क्षण फुंकली, एक मुरकी घेतली आणि जपून परत केली. बासरीला काहीही झाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाद पेटला. इतकी जुनी वस्तू अशी वाजवायला द्यावी का? एक बाजू म्हणे, ती राष्ट्राची ठेव आहे, तिला हात लावू नये. दुसरी म्हणे, बासरी वाजवायची नाही तर काय करायची? दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिले गेले, आणि त्या सगळ्या लिखाणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारला नाही. ती बासरी नक्की कशाची आहे?

‘काचेची’ हे त्याचे उत्तर होत नाही. ग्रंथालयाच्या ज्या संग्रहात ती आहे त्याच संग्रहात, त्याच कारागिराच्या, तशाच दिसणाऱ्या आणखी बऱ्याच बासऱ्या आहेत. त्यांतल्या बहुतेक लिझोच्या हातात दिल्या असत्या तर मीही विरोध करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्या आजारी आहेत. हे प्रकरण त्या आजाराचे, तो कसा ओळखला त्याचे, आणि त्यावरून ‘वाजवावी की जपावी’ हा निर्णय कसा घ्यावा याचे आहे.

प्राध्यापकाचा छंद

संग्रह मुळात एका प्राध्यापकाचा. डेटन क्लॅरेन्स मिलर (१८६६–१९४१) हे क्लीव्हलंडच्या केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्समध्ये भौतिकशास्त्र शिकवत. आज ती संस्था केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा भाग आहे. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर अमेरिकेत ज्यांनी अगदी पहिल्याप्रथम त्यांची छायाचित्रे काढली त्यांत मिलर होते. आवाजाची लहर डोळ्यांना दिसावी म्हणून त्यांनी ‘फोनोडाइक’ नावाचे यंत्र बनवले. आणि या सगळ्याच्या जोडीला बासरी. स्वतः वाजवायचे, जुन्या विकत घ्यायचे, स्वतःसाठी त्यांनी सोन्याची एक घडवलीही. आधुनिक फ्लूट ज्याने सिद्ध केला त्या थेओबाल्ड बोमचे जर्मन पुस्तकही त्यांनी इंग्रजीत आणले. मृत्यूनंतर सुमारे १,७०० वाद्ये, त्यांच्यासोबतची पुस्तके, चित्रे आणि कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली.

छंदाने जमवलेल्या संग्रहात आणि अभ्यासकाने जमवलेल्या संग्रहात फरक असतो. मिलर प्रत्येक वाद्याची नोंद ठेवत: कुणाकडून घेतले, केव्हा, अंगावर काय कोरले आहे. मॅडिसनची बासरी त्यांच्याकडे १९२३ मध्ये आली. तिच्या चांदीच्या जोडावर मॅडिसन यांचे नाव, हुद्दा आणि घडणीचे साल कोरलेले आहे. मॅडिसन यांच्या सावत्र मुलाकडून ती एका डॉक्टरांच्या घराण्यात गेली आणि तिथून फिरत फिरत मिलरपर्यंत पोचली. ती घडली त्याच्या पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट १८१४ रोजी, ब्रिटिश सैन्याने व्हाइट हाऊस पेटवले होते. तरीही एवढी नाजूक वस्तू शतकभराने धडधाकट हाती लागली.

घड्याळजीचे डोके

ती घडवणारा क्लोद लोराँ हा मूळचा घड्याळजी. त्या काळच्या बासऱ्या बॉक्सवूड, एबनी अशा कठीण लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या असत. लाकडी बासरीत फुंकर गेली की आतला भाग ओल पितो आणि फुगतो, बाहेरचा कोरडाच राहतो. मग ताण येतो आणि जोडापाशी उभी भेग जाते. शिवाय आतल्या पोकळीचा आकार बदलला की सूर सरकतो. आपल्याकडे बासरीवाल्यांना हे सांगायला नको. माझी एक लांब बासरी एप्रिलच्या कोरड्या झळांत रात्रीतून चिरली. सकाळी हात फिरवला तर वरच्या टोकापासून तिसऱ्या भोकापर्यंत केसाएवढी रेघ. दोऱ्याने घट्ट बांधली, पण खर्जातला सूर पुन्हा तसा लागला नाही. बांबूवर दोऱ्याचे वेढे शोभेसाठी नसतात.

लोराँने घड्याळजीसारखा विचार केला: माप ज्याचे बदलत नाही असा पदार्थ घ्यायचा. काच ओल पीत नाही, फुगत नाही, वाकत नाही. १८०६ साली त्याने ‘क्रिस्टल’च्या बासरीचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात रौप्यपदक मिळवले. काचेची जाड नळी आतून घासून हवी तेवढी निमुळती करायची, बाहेरून पैलू पाडायचे, तुकडे चांदीच्या जोडांनी एकमेकांत बसवायचे. लाकडात भोके झाकणारी कळ बसवायला लाकडाचाच उंचवटा कोरून ठेवत, काचेत ते जमेना. म्हणून त्याने चांदीच्या पट्टीवर बारीक खांब उभे करून त्यांवर कळा अडकवल्या. एका अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे साऱ्या सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांनी उचलली. आजच्या क्लॅरिनेटवर बोट ठेवतो तेव्हा आपण लोराँच्याच खांबांवर बोट ठेवतो असे म्हणायला हरकत नाही.

त्याच्या काचेच्या बासऱ्या आज जगात दोनशेच्या आत उरल्या आहेत. त्यांतल्या वीसच्या आसपास एकट्या मिलर संग्रहात आहेत.

धुरकटपणा

मॅडिसनची बासरी अजूनही स्वच्छ पाण्यासारखी दिसते. तिच्या काही बहिणी मात्र धुरकट झाल्या होत्या. अंगावर साय आल्यासारखी, कुठे पृष्ठभागाखाली बारीक तड्यांचे जाळे, तर कुठे चांदीच्या जोडाशी काच खराब झालेली. हात निसटणे, आपटणे असे काही झालेले नव्हते. त्या नुसत्या पडून होत्या.

काच पडून राहून खराब होते, हे पटायला जड जाते. हे समजून घ्यायला स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात जावे लागते.

काच म्हणजे मुख्यतः वाळू, सिलिका. नुसती वाळू वितळायला प्रचंड उष्णता लागते, म्हणून तिच्यात क्षार घालतात. एक सोड्याचा, दुसरा पोटॅशचा. पोटॅश पूर्वी लाकडाच्या राखेतून काढत: राख पाण्यात कालवायची, पाणी गाळायचे, आटवायचे. ज्यांनी लहानपणी चुलीच्या राखेने भांडी घासली आहेत त्यांना ते पाणी हाताला कसे बुळबुळीत लागते ते आठवेल. तो बुळबुळीतपणा क्षाराचा. वाळूला वितळवणारा हा क्षार काचेत पक्का बांधलेला नसतो, सिलिकाच्या जाळीतल्या पोकळ्यांत तो नुसता बसलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवायला चुना लागतो. चुना कमी पडला की काच दिसायला चमकदार, पण आतून कच्ची.

अशा काचेवर दमट हवा बसली की पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि पोटॅशियम बाहेर येते. पृष्ठभागावर तेच राखेचे बुळबुळीत पाणी साचते. काच घामेजल्यासारखी दिसते, बोटाला निसरडी लागते. तो क्षार पुसला नाही तर सिलिकाची जाळीच खायला लागतो. आणि वरच्या थरात आता क्षाराच्या जागी पाणी भरलेले असते. पुढे हवा कोरडी झाली की हे पाणी उडते, थर आकसतो, खालची काच आकसत नाही, आणि तडे जातात. आटलेल्या तळ्याच्या गाळाला भेगा पडतात तसेच, फक्त इतके बारीक की सुरुवातीला धुके वाटावे.

ओल चुकवायची म्हणून निवडलेला पदार्थ शेवटी ओलीनेच खाल्ला जात होता. लोराँच्या विचारात खोट नव्हती. खोट होती त्याच्या हाती आलेल्या काचेत.

काचेचे कारागीर हा रोग फार आधीपासून जाणून होते. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली नव्या स्वच्छ काचेचे पेटंट घेतले आणि त्याची भांडी काही काळातच तडकू लागली. दोनएक वर्षांत त्याने मिश्रणात शिशाचा ऑक्साइड घातला आणि दुखणे आटोक्यात आले. जड, खणखणीत, प्रकाश फोडणारी ‘लेड क्रिस्टल’ काच तिथून रूढ झाली. लोराँ आपल्या बासऱ्यांना क्रिस्टलच्या म्हणत होता. त्याच्या काळी फ्रेंच बाजारात हा शब्द कुठल्याही नितळ काचेला सैलपणे वापरला जाई. शंभर वर्षे संग्रहांच्या वह्यांत हाच शब्द उतरत गेला.

तपासणी

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन-संशोधन विभागाने एकेक बासरी तपासायला घेतली. मदतीला होती वॉशिंग्टनमधल्याच कॅथलिक विद्यापीठाची काचेवर काम करणारी प्रयोगशाळा. तिची ख्याती वेगळ्याच कामासाठी आहे. अणुभट्ट्यांचा घातक कचरा काचेत वितळवून कोंडायचा, आणि ती काच हजारो वर्षे पाण्याला दाद देणार नाही अशी बनवायची. पाणी काचेला कसे खाते, हे त्यांच्याइतके रोजच्या रोज मोजणारे लोक थोडे. दोनशे वर्षांच्या बासरीचे निदान करायला अणुकचऱ्याचे तज्ज्ञ बसले, ही मला या प्रकरणातली सर्वांत आवडलेली गोष्ट. संग्रहालयाला हवे ते ज्ञान नेहमी कला विभागातच सापडते असे नाही. विद्यापीठ शेजारी असण्याचा हा फायदा.

तुकडा न काढता, ओरखडा न पाडता तपासायचे होते. बासरीवर क्ष-किरण सोडले की तिच्यातले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या खुणेचे किरण परत फेकते. शिसे असेल तर लपून राहत नाही. दुसरा उपाय त्याहून साधा. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरायचा. शिशाची काच निळसर चमकते, बिनशिशाची वेगळी दिसते. दिवसाच्या उजेडात जुळ्या वाटणाऱ्या दोन बासऱ्या त्या दिव्याखाली एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत.

निकाल असा: संग्रहातल्या लोराँच्या बासऱ्यांपैकी खऱ्या अर्थाने शिसेयुक्त क्रिस्टलच्या निघाल्या फक्त दोन. मॅडिसनची त्यांतली एक. बाकीच्या पोटॅशच्या काचेच्या, आणि आजार त्यांच्यातच.

अध्यक्षांना द्यायची वस्तू म्हणून लोराँने मुद्दाम महागडी काच निवडली असेल असा विचार माझ्या मनात आला. पण तो तर्कच. नक्की एवढेच की वहीत सगळ्यांसमोर एकच शब्द लिहिला होता आणि त्या शब्दाच्या पोटात दोन वेगवेगळे पदार्थ होते. ज्याने केवळ वही वाचून निर्णय घेतला असता त्याने एक तर सगळ्याच वाजवू दिल्या असत्या, नाहीतर सगळ्याच कुलपात घातल्या असत्या. दोन्ही चूक.

वाजवावी की नाही

या प्रश्नावर संग्रहांचे दोन पंथ आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातला बेट संग्रह हे एका पंथाचे ठळक उदाहरण. फिलिप बेट हे बीबीसीतले निर्माते आणि सुषिर वाद्यांचे मोठे जाणकार. फ्लूटच्या इतिहासावर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आहे. १९६८ मध्ये त्यांनी आपली वाद्ये विद्यापीठाला दिली ती एका अटीवर: ती शिकवण्यासाठी वापरली जावीत, आणि त्यांची निगा राखून त्यांवर व्याख्याने देणारा जाणकार संग्रहपाल नेमावा. विद्यापीठाने बासूनवादक आणि अभ्यासक अँथनी बेन्स यांना पहिले संग्रहपाल केले. काचेमागून पाहिलेल्या वाद्याने विद्यार्थी शिकत नाही, हा त्या अटीमागचा विचार. मला तो मनापासून पटतो. सहा भोकांच्या, एका कळेच्या जुन्या बासरीवर काही सूर उजळ आणि काही दबके का निघतात, आणि त्या काळचे रचनाकार त्या दबक्या सुरांचा उपयोग कसा करत, हे वाचून समजत नाही. ओठाला लावल्यावर समजते.

तरीही मी ही अट डोळे मिटून सगळीकडे लावणार नाही. फुंकर म्हणजे शरीराच्या उष्णतेची, पाण्याने भरलेली हवा. थंड काचेवर ती लागली की आतून धुके धरते. लाकडी बासरीत हे दिसत नाही, काचेत वाजवणाऱ्याचा श्वास डोळ्यांनी दिसतो. पोटॅशच्या काचेला हे धुके म्हणजे नेमका नको तोच घास. धुके काही क्षणांत विरते, पण क्षाराची एक बारीक देवघेव होऊन गेलेली असते. तडे गेलेल्या बासरीत तर पाणी भेगेत जाऊन बसते, आणि चांदीच्या जोडाखाली तर ते वाळतही नाही. शिसेयुक्त काचेला मात्र चार-दोन मिनिटांच्या वाजवण्याने, आणि नंतर नीट कोरडी केली तर, असे काही होत नाही.

म्हणून लिझोच्या बाबतीतला निर्णय मला योग्य वाटतो, आणि तो ‘वाद्य वाजलेच पाहिजे’ या भावनेपोटी नव्हे, तर तिची काच तपासलेली होती म्हणून. आधीच्या दिवशी ग्रंथालयात काय झाले ते पाहिले की ही काळजी आणखी स्पष्ट होते. तिथल्या भव्य वाचनदालनात तिने मनसोक्त वाजवले ते मिलर यांच्याच संग्रहातल्या प्लेक्सिग्लासच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, फ्लूटवर. तीही पारदर्शकच, पण श्वासाने बिघडणारी नाही. मॅडिसनच्या बासरीच्या वाट्याला मंचावर काही क्षणच आले. कोणती किती वाजवायची याचे मोजमाप आधी झालेले होते.

वादात एक मुद्दा बरोबर होता आणि तो झटकू नये: पडण्याचा धोका. काच शिशाची असली तरी जमिनीवर पडली की संपली. हा धोका पदार्थाच्या तपासणीने कमी होत नाही. तो माणसे, पेटी, हातात देण्याची रीत आणि वेळेची मर्यादा यांनीच कमी होतो, शून्य कधीच होत नाही. मी संग्रहपाल असतो तर मंचावर देताना माझे काळीज धडधडले असते. तरी दिली असती.

न वाजणाऱ्या बासऱ्यांचे काय

आजारी काच बरी होत नाही. गेलेला क्षार परत घालता येत नाही, तडे बुजवता येत नाहीत. आजार जागच्या जागी थांबवायचा एवढेच हातात. सापेक्ष आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायची आणि वर्षभर हलू द्यायची नाही. फार वर गेली की काच पाझरते, फार खाली गेली की वरचा थर वाळून तडकतो. म्हणजे ‘जितके कोरडे तितके चांगले’ हा आपला घरगुती नियम इथे घातक. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नव्वदी गाठणारी आणि विदर्भाच्या मे महिन्यात वीसच्या खाली जाणारी हवा डोळ्यांसमोर आणली, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या काचसामानाचे काय होत असेल याची कल्पना येते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन पाहताना माझे लक्ष अलीकडे वाद्यांइतकेच कपाटाच्या फटींकडे जाते.

आवाजाचे म्हणाल तर तो हातचा गेलेला नाही. मिलर स्वतः ठामपणे मानत की नळी कशाची आहे याने बासरीचा सूर बदलतो. त्यांची सोन्याची बासरी त्या श्रद्धेतूनच आली. पुढे जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये चांदी, तांबे आणि लाकूड अशा तीन पदार्थांच्या, आतून सारख्याच बासऱ्या बनवून ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना न दाखवता दिल्या. फरक ओळखता आला नाही. सूर ठरतो तो आतल्या पोकळीच्या आकाराने, भोकांच्या जागांनी आणि ज्या कडेवर फुंकर फुटते त्या कडेच्या धारेने. म्हणजे लोराँच्या आजारी बासरीची पोकळी सूक्ष्म मापांनी उतरवून घेतली, तर तिचा आवाज दुसऱ्या पदार्थात पुन्हा उभा करता येतो. आपल्याकडचे बासरी बनवणारे वेगळे काय करतात? जुन्या सुरेल बासरीवर नवा बांबू ठेवून खुणा घेतात. बांबू जातो, माप राहते.

पण नकलेत सगळे येत नाही. पैलू पाडलेल्या काचेचे वजन, चांदीच्या कळेचा थंड स्पर्श, आणि लोराँने आतून घासताना हात कुठे थांबवला त्याची खूण, हे फक्त मूळ बासरीत आहे. त्यासाठीच ती आजारी असली तरी राखायची. वहीत तिच्यापुढे ‘क्रिस्टल’ खोडून ‘पोटॅशची काच’ लिहायचे, आर्द्रता किती ठेवायची ते त्याच ओळीत लिहायचे, आणि ती हाताळायची वेळ आलीच तर हातमोजे घालून, कारण बोटांचा घामही शेवटी ओलच.